भार्गवीचा उघडणारा रेडिएटर

नात्यातल्या कुठल्याही लग्नाला गेलं की भार्गवीला तो प्रश्न ठरलेला असायचा. "मग, सध्या काय चाललंय तुझं?" ती सांगायची की लातूरच्या एमआयडीसीत रेडिएटरचा कारखाना आहे, तिथं मी डिझाईनचं काम करते. समोरची बाई मान डोलवायची आणि दोन पंगती पलीकडे जाऊन सांगायची, "माधवरावांची भार्गवी ना, गॅरेजात असते ती." एकदा तर नांदेडच्या एका मंगल कार्यालयात सख्ख्या आत्यानंच तिला भरल्या ताटावरून उठवलं. नवरदेवाच्या मामांची गाडी रस्त्यात दोनदा तापली होती. भार्गवी पैठणी सावरत पार्किंगमध्ये गेली. गाडीच्या नाकावर, हवा जिथून आत जाते नेमकी तिथं, मामांनी भलीमोठी पितळी पाटी ठोकून घेतली होती. पाटीवर कुलदेवतेचं नाव.

"ही पाटी काढा, गाडी तापायची नाही," भार्गवी म्हणाली.

"ती कशी काढणार? तिच्यामुळंच तर गाडी सुखरूप चालून राहिली," मामा म्हणाले.

ती परत आली तोवर तिचं ताट उचललं गेलं होतं.

भार्गवी मुळातच तापट. हा तापटपणा तिला आईकडून आला असं माधवराव म्हणत. माधवराव नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवायचे, शांत माणूस. आई, गोदावरीबाई, घरातल्या वस्तूंशी भांडायच्या. मिक्सरच्या भांड्याच्या तळाशी पात्याखाली अडकलेलं खोबरं काढताना त्या दर वेळी म्हणत, "हे ज्यानं केलं ना, त्यानं जन्मात कधी भांडं घासलेलं नाही." भार्गवी नांदेडलाच मेकॅनिकल इंजिनिअर झाली, वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या मुली. मग पुण्याला एका मोठ्या कंपनीत लागली. तिथं तिनं काही वर्षं गाडीच्या डॅशबोर्डमागची एक प्लॅस्टिकची क्लिप तेवढी डिझाईन केली. तीच क्लिप, कधी थोडी लांब, कधी थोडी आखूड. लग्न ठरलं ते लातूरच्या श्रीनाथशी. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तेव्हा सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला: लातुरात येतेयस तर क्लास काढ. जो तो क्लास काढतोय, तू तर इंजिनिअर. भार्गवीनं क्लास काढला नाही. ती आनंदराज यांच्या कारखान्यात गेली, कारण तिथं एक अख्खी वस्तू तिच्या हाती येणार होती.

आनंदराज माणूस वाईट नव्हते. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, जनरेटर असल्या यंत्रांचे रेडिएटर ते बनवायचे आणि कामगारांशी नीट वागायचे. त्यांची एकच खोड होती. समोरच्याचं म्हणणं ते शेवटपर्यंत ऐकून घेत, मग मान हलवून म्हणत, "बरोबर आहे तुमचं," आणि पुढं काहीही करत नसत. पहिल्या वर्षी भार्गवीला ते वाक्य ऐकून आनंद व्हायचा. दुसऱ्या वर्षापासून ते ऐकलं की तिच्या कानशिलात ठणका उठायला लागला.

त्या वर्षी सोयाबीनचा हंगाम उरकला आणि कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये परत आलेल्या रेडिएटरांचा ढीग लागला. सगळे हार्वेस्टरचे, आणि सगळ्यांची तक्रार एकच, गाडी तापते. भार्गवीनं एकेक उघडून पाहिला. रेडिएटरचं काम तसं साधं असतं. इंजिनातलं गरम पाणी बारीक नळ्यांतून फिरतं, नळ्यांच्या मध्ये पातळ पत्र्याची जाळी असते, पंखा त्या जाळीतून हवा ओढतो आणि पाणी निवतं. इथं हवा जायला वाटच उरली नव्हती. सोयाबीनचं भुस्कट, माती आणि तेल यांचा मिळून गोधडीसारखा थर जाळीवर बसला होता. काहींनी तो वॉशिंग सेंटरच्या जोरदार पाण्यानं काढायला बघितला होता, तर जाळीचे पत्रेच आडवे झोपले होते. काहींनी टोकदार काहीतरी खुपसलं होतं आणि नळीलाच भोक पाडलं होतं.

"लोकांना अक्कल नाही," भार्गवी घरी श्रीनाथला म्हणाली. "एवढी नाजूक वस्तू, आणि स्क्रू-ड्रायव्हर खुपसतात."

कारखान्यात बैठक झाली. आनंदराज म्हणाले, "जाळी अजून जाड करू. जास्त जाळी, जास्त थंड."

"जाड केली तर भुसा अजून आत जाऊन बसेल, सर. आपला रेडिएटर थंड करायला कमी पडत नाही. तो धुता येत नाही. त्याच्या पुढं ऑइल कूलर, त्याच्या पुढं एसीचा कंडेन्सर, तिन्ही एकमेकांना खेटून. मध्ये हात जात नाही. माणूस धुणार कसा?"

"बरोबर आहे तुमचं," आनंदराज म्हणाले, आणि जाड जाळीची ऑर्डर दिली.

फेब्रुवारीत हरभऱ्याची काढणी सुरू झाली तशी भार्गवीनं ठरवलं, आता स्वतः जाऊन बघायचं. देवणीकडं केवळाबाई म्हणून एक बाई होत्या. घरची जमीन होतीच, वर दोन हार्वेस्टर घेऊन त्या पंचक्रोशीत काढणीची कामं करत. परत आलेल्या ढिगातला एक रेडिएटर त्यांचा होता. भार्गवी शेतावर पोचली तेव्हा केवळाबाई बांधावर उभ्या होत्या, डोक्यावर पदर आणि पायात पोराचे बूट.

"कंपनीच्या मॅडम का? बरं झालं आल्या. मला तुमच्या कंपनीला लई दिवसापासून शिव्या द्यायच्या व्हत्या. फोनवर मजा येत न्हाई."

त्यांनी खरंच दिल्या. भार्गवीनं ऐकून घेतल्या. दगडोबा, त्यांचा ड्रायव्हर, हार्वेस्टर थांबवून खाली उतरला. अंगानं काटकुळा, आवाजानं त्याहून बारीक. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर गेला होता, जाळी साफ करायची होती.

"रोज किती वेळा करता?" भार्गवीनं विचारलं.

"काटा सांगल तितक्यांदा," दगडोबा म्हणाला.

"द्या इकडं. मी करते."

दगडोबानं केवळाबाईंकडं बघितलं. केवळाबाई म्हणाल्या, "करू दे की. त्यांचीच वस्तू हाय."

भार्गवी शिडीवरून वर चढली. वरचे बोल्ट सुटले. खालचे बोल्ट एका पाइपच्या मागं होते आणि तिथं पाना एका वेळी बोटभर फिरायचा. फिरवायचा, काढायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा बोटभर. ऊन डोक्यावर, गरम पत्रा कोपराला लागत होता. एक नट हातातून सटकून यंत्राच्या पोटात कुठंतरी गेला आणि खणखण वाजत खाली खाली जात राहिला. पुण्यात असती तर तिनं या डिझाईनच्या नकाशावर सही करणाऱ्याचं नाव विचारलं असतं. इथं नकाशावर तिचीच सही होती. शेवटी कंडेन्सर सुटला, पण ऑइल कूलर हलेना, कारण तो काढायचा तर आधी सगळं तेल उतरवावं लागणार होतं. रेडिएटर आणि कूलरच्या मध्ये दोन बोटांची फट, आणि त्या फटीत भुस्कट गच्च.

"आता?" तिनं वरून विचारलं.

दगडोबानं छत्रीची एक काडी पुढं केली. टोकाला वाकवलेली, वापरून चकचकीत झालेली.

"ह्यानं नळीला भोक पडतं!" भार्गवी ओरडली.

"दुसरं काय जातंय तिथं, ते सांगा," दगडोबा म्हणाला.

दुसरं काहीच जात नव्हतं. तिनं हात घालून बघितला, फांदी घालून बघितली, ओढणीचं टोक पिळून घालून बघितलं. मग तिनं काडी घेतली. आधी हळू, मग भुसा हलेना तसा जरा जोर लावून. एक मोठा गठ्ठा सुटला. तिला एवढं बरं वाटलं की तिनं दुसऱ्या गठ्ठ्याला तसाच जोर लावला. तेवढ्यात फुस्स आवाज आला आणि हिरवट पाण्याची बारीक धार तिच्या गालावरून गेली. नशीब, पाणी तोवर बरंच निवलं होतं.

केवळाबाई खालून वर बघत होत्या.

"पडलं का भोक?" त्यांनी विचारलं.

"पडलं," भार्गवी म्हणाली.

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आता देगलूरला जावं लागंल. मलप्पाकडं. तुमीच चला संगं, तुमीच सांगा त्याला काय केलं ते."

दगडोबानं सगळं तेल उतरवून रेडिएटर काढला आणि तो घेऊन दोघं निघाले. देगलूरला उदगीर रस्त्यावर मलप्पाचं रेडिएटरचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कन्नडात, पोलिसाशी मराठीत, असं त्याचं एकाच वेळी चालायचं. त्यानं रेडिएटर उलटा-सुलटा केला, टाकीच्या कडेवर बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

"बेकार चीज. ही प्लॅस्टिकची टाकी बघा. पत्र्याचे दात वाकवून वर बसवली. उघडायची तर दात सरळ करा, पुन्हा वाकवले की तुटतात. म्हंजे उघडायचीच न्हाई. आत नळ्या गाळानं भरल्या तर सळई कुठून घालू? कोणी केलं हे?"

"मी," भार्गवी म्हणाली.

मलप्पानं तिच्याकडं पाहिलं, दगडोबाकडं पाहिलं, आणि चहा सांगितला.

चहा पिता पिता दोघांचं जुंपलं. मलप्पाचं म्हणणं एकच, पूर्वीसारखा तांब्या-पितळेचा रेडिएटर द्या, मी जन्मभर कथलाची झाळ लावून देतो. भार्गवी म्हणाली, तांबं जड, महाग, आणि कुठलीच कंपनी आता ते घेत नाही. शिवाय भुस्कटाला तांबं काय आणि ॲल्युमिनियम काय. ती उठली आणि त्याच्याच दुकानामागच्या भंगारातून एक जुना तांब्याचा रेडिएटर ओढून आणला. त्याची जाळी मातीनं गच्च लिंपलेली.

"हा का बुजला मग? हा तर तांब्याचा आहे."

मलप्पानं तो परत भंगारात टाकला. "मॅडम, तुमी भांडायला आल्या का काम करायला?"

"दोन्ही," भार्गवी म्हणाली.

फुटलेली नळी त्यानं दोन्ही टोकांना चिकटवायचा मसाला भरून बंद केली आणि निघताना म्हणाला, "टाकी बोल्टवर बसवा. मधी रबर. एवढं करा, बाकी तुमचं तुमी बघा." हे तिला त्यानं सांगायच्या आधीच सुचलं होतं, आणि त्यानंच ते आधी बोलून दाखवलं याचाही तिला लातूरपर्यंत राग येत राहिला.

त्यानंतरचे महिने तिचे चिडण्यातच गेले. दिवसा कारखान्याचं नेहमीचं काम, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठे. कंडेन्सर आणि ऑइल कूलर एकाच चौकटीत बसवायचे आणि ती चौकट खिडकीच्या झडपेसारखी बाहेर उघडायची, म्हणजे मागचा रेडिएटर मोकळा. पाइप लवचिक आणि लांब, म्हणजे चौकट उघडताना तेल उतरवायला नको. जाळीचे पत्रे सरळ आणि विरळ, म्हणजे भुसा अडकला तरी आत रुतणार नाही. टाकी बोल्टवर. एके दिवशी श्रीनाथनं डब्यांचं कपाट उघडलं आणि दार त्याच्या हातातच आलं.

"ह्याची बिजागरी कुठं गेली?"

"बघत होते कशी चालते ते. लावते परत."

"पोळीचा डबा काढू का नको?"

"दार भिंतीला टेकवून ठेव की, एवढं काय त्यात!" भार्गवी म्हणाली. बिजागरी पुढचे आठवडे पुठ्ठ्यालाच राहिली आणि दार भिंतीला.

नकाशे घेऊन ती आनंदराज यांच्याकडं गेली. त्यांनी सगळं बघितलं, चष्मा काढून पुसला.

"टाकी उघडते, नळी साफ होते, जाळी धुता येते. मग नवीन कधी घेणार लोक?"

"आत्ता तरी कुठं नवीन घेताहेत? जुनाच परत आणून टाकताहेत. शेडमध्ये जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा घेतील."

"बरोबर आहे तुमचं."

"सर," भार्गवीचा आवाज चढला. बाहेर लेथवर काम करणाऱ्यानं मान वळवली. "बरोबर आहे ना? मग सही करा. आणि बरोबर नसेल तर सांगा, कुठं चुकलंय. पण 'बरोबर आहे' म्हणून कागद ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मला आता ते सहन होत नाही."

आनंदराज यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांच्याशी असं कुणी बोललेलं नसावं. मग त्यांनी पेन शोधलं. "एक करा," ते म्हणाले. "एकच."

तो एक दसऱ्याच्या सुमारास तयार झाला आणि केवळाबाईंच्या हार्वेस्टरवर चढला. भार्गवीनं दगडोबाला दाखवलं, हा खटका दाबला की चौकट उघडते, आणि पाणी पंख्याच्या बाजूनं बाहेर मारायचं, म्हणजे भुसा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जातो. दगडोबानं खटका दाबून चौकट उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "चांगलं हाय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं आलं म्हणजे भार्गवीला मानपत्रच मिळालं. ती उदगीरपर्यंत गाणी ऐकत आली.

सोयाबीन भरात असताना ती पुन्हा गेली. आठवडाभरात फोन आला नव्हता, म्हणजे सगळं ठीक असणार, असं धरून चालली होती. हार्वेस्टर बांधाला उभा होता. दगडोबा वर चढून काहीतरी करत होता. जवळ गेल्यावर तिला त्याच्या हातात छत्रीची काडी दिसली.

"चौकट का नाही उघडली?"

"उघडत न्हाई आता."

ती वर चढली. चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर वेल्डिंगचे जाडजूड गोळे. बिजागरीवर एक, खटक्यावर एक. चौकट यंत्राला कायमची चिकटली होती.

"हे कुणी केलं?"

"वलांडीच्या वेल्डिंगवाल्यानं."

"का?"

"खडखड वाजून राहिलं व्हतं," दगडोबा म्हणाला. "दिवसभर कानापाशी. डोकं उठलं. मग बाई म्हनल्या, मारून घे वेल्डिंग."

पुठ्ठे, बिजागऱ्या, नकाशे, सही, भांडणं, त्या सगळ्याच्या वर वलांडीच्या वेल्डिंगवाल्यानं चार टाके मारले होते. ती खाली उतरली आणि बांधावर जाऊन बसली. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. इंजिनिअरांना, शेतकऱ्यांना, वेल्डिंगवाल्यांना, आनंदराजना, पुण्याच्या क्लिपला, सगळ्यांना तिनं एका दमात नांदेडच्या भाषेत धुऊन काढलं. "उघडावं म्हणून केलं तर बंद करून टाकलं! काय करून राहिलेत लोक? एक फोन करता येत न्हाई का? हात तुटले का तुमचे?"

केवळाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

"झालं का बोलून? आता माझं ऐका. तो खटका लई नाजूक हाय. वरनं गाडी हादरती, तो नाचतो, चौकट नाचती. दगडोबानं आधी सुतळी बांधली, मग तार बांधली. तार तुटली. चौकट पडली असती तर पंखा गेला असता. तुमाला फोन केला असता, तर तुमी म्हनल्या असता काढून कारखान्याला पाठवा. आन् सोयाबीन काय तुमची वाट बघतंय?"

भार्गवीनं पाणी प्यायलं. ती तसंच म्हणाली असती. खटका तिनं एका मोटारीच्या बॉनेटवरून घेतला होता. डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीच्या. ढेकळांत दिवसभर हादरणाऱ्या यंत्राला तो कसा टिकणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. राग कुणावर काढावा हेच कळेना, म्हणून तो तसाच बसून राहिला.

समोर ट्रॅक्टरची ट्रॉली सोयाबीन भरून निघायच्या तयारीत होती. एकानं मागचा फाळका वर केला, दोन्ही बाजूंच्या कड्यांत पाचरी ठोकल्या आणि त्यात पिना घातल्या. पिना साखळीनं फाळक्यालाच बांधलेल्या, हरवायचा प्रश्न नाही. ट्रॉली खड्ड्यातून गेली, सगळी हादरली, पण फाळका जागचा हलला नाही.

भार्गवी उठून ट्रॉलीमागं पळाली. "थांबा! ओ, थांबा जरा!"

ट्रॅक्टरवाला घाबरून थांबला. त्याला वाटलं, काहीतरी चाकाखाली आलं. भार्गवी फाळक्याची पाचर काढत होती, घालत होती, पिन ओढून बघत होती. "ही हातोडीनं सुटते ना? हाताला चिखल असला तरी?"

"सुटते की," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "दगडानं पण सुटते."

तिनं मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढले. ट्रॅक्टरवाल्यानं केवळाबाईंना लांबूनच हातानं विचारलं, बाई ठीक आहेत ना? केवळाबाईंनी तशीच खूण केली, जाऊ दे.

दुसरी चौकट दिवाळीआधी बसली. खटका गेला, पाचर आली, पिन साखळीला. चौकट आणि यंत्र यांच्यामध्ये जाड रबराची पट्टी, म्हणजे पाचर ठोकली की सगळं घट्ट दाबून बसतं. जुने वेल्डिंगचे गोळे कापायला वलांडीच्याच वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्यानं चौकटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आधीच असं करायचं नव्हतं का?" भार्गवीनं दात-ओठ खाल्ले आणि कापायचे गोळे त्याला दाखवले. उरलेला हंगाम हार्वेस्टर त्या नव्या चौकटीवरच चालला. मधल्या सुट्टीत दगडोबा दगडानं पाचर उडवायचा, पाण्याच्या टँकरचा पाइप लावायचा, आणि बिडी संपायच्या आत जाळी मोकळी. एकदाही फोन आला नाही. या वेळी भार्गवीनं स्वतःच रोज फोन करून विचारलं, इतक्यांदा की दगडोबा उचलेनासा झाला.

हार्वेस्टर बनवणारी मूळ कंपनी दूरच्या राज्यातली. आनंदराज यांनी नमुना तिकडं पाठवला. उत्तर आलं की आमच्या यंत्राची जाळी बुजतच नाही, त्यामुळं अशा चौकटीची गरज नाही. भार्गवीनं ते उत्तर दोनदा वाचलं, मग शेडमधल्या ढिगाचा फोटो काढून कंपनीला पाठवला. त्यावर कसलंच उत्तर आलं नाही. मग आनंदराजच म्हणाले, राहू दे त्यांचं, आपण थेट हार्वेस्टरवाल्यांना देऊ, जुना गेला की बदली म्हणून. हे वाक्य त्यांनी आपणहून उच्चारलं, आणि पुढं खरंच केलंही. भार्गवी दोन दिवस त्यांच्याकडं संशयानं बघत होती.

बसवायचं काम देगलूरच्या मलप्पानं घेतलं. पहिल्याच फोनवर त्यानं जाहीर करून टाकलं, "मॅडम, तुमचं टाकीचं रबर मी काढून टाकलं. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं घातलं."

"का? मी ते तपासून, तापवून, दाबून घेतलंय!"

"माझ्याकडं ट्यूब पडून व्हती."

भार्गवी अर्धा तास बोलली. मलप्पानं मध्येच फोन गिऱ्हाइकाच्या हातात दिला होता हे तिला नंतर कळलं. गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला फक्त तेलुगू येत होतं. पुढच्या आठवड्यात ती देगलूरला गेली, मलप्पाचं एक रबर कापून आणलं, कारखान्यात गरम पाण्यात टाकून ठेवलं. ते फुगलं आणि चिरलं. तो तुकडा तिनं मलप्पाला नेऊन दाखवला. त्यानं बराच वेळ दोन बोटांत धरून ताणला. मग आतून तिच्या कंपनीच्या रबरांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. "एवढंसं सांगायला लातूरहून आल्या?" तो म्हणाला, आणि पुन्हा चहा सांगितला.

लोकांनी त्या रेडिएटरला नाव दिलं, बाईचा रेडिएटर. कारखान्याच्या कागदांवर त्याला एक लांबलचक नंबर होता, पण औशाच्या आडतीपासून देगलूरच्या नाक्यापर्यंत कुणी तो नंबर म्हटला नाही. भार्गवीला हे नाव अजिबात आवडलं नाही. "बाप्याचा रेडिएटर म्हणतात का दुसऱ्याला?" ती श्रीनाथला म्हणाली. श्रीनाथ म्हणाला, "पण विचारून तर घेताहेत ना?" तिनं राग मात्र सोडला नाही.

मार्चमध्ये पहिली मोठी गाडी भरून निघाली. भार्गवीनं प्रत्येक रेडिएटरवर एक पिवळा बाण लावायला सांगितला होता. धुताना पाणी कुठून कुठं मारायचं ते दाखवायला, कारण उलटं मारलं तर भुसा अजून आत जातो. गाडी फाटकापाशी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भार्गवी शेवटचं बघायला म्हणून मागं चढली आणि तिथूनच ओरडली, "थांबा!"

सगळे बाण उलटे होते. एकूण एक.

आनंदराज आवाजानं बाहेर आले. "काय झालं?"

"बाण उलटे चिकटवलेत."

"कळतं हो लोकांना. जाऊ द्या गाडी."

"कसं कळतं, सर? कारखान्यातल्या माणसाला कळलं नाही. काल मी समोर उभी राहून सांगितलं, तरी कळलं नाही. मग शेतात, उन्हात, घाईत असलेल्या माणसाला आकाशवाणी होणार आहे का?"

ती खोक्यावर बसली आणि नखानं पहिला बाण खरवडायला लागली. तो अर्धाच निघाला, बाकीचा डिंक तसाच. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. आनंदराज फाटकापाशी गेले, ड्रायव्हरला म्हणाले, इंजिन बंद कर आणि चहा पिऊन ये. मग शर्टाच्या बाह्या वर करून ते गाडीत चढले. त्यांनी दुसरा बाण खरवडायला घेतला, आणि तो मधोमध फाडला.

"सर, तसं नाही. कोपऱ्यापासून धरा."

"बरोबर आहे तुमचं," आनंदराज म्हणाले, आणि पुढचाही मधोमध फाडला.